दिनो नावाचा निर्माता

मार्च 1957 मध्ये ऑस्कर पुरस्कारांचा एकोणतिसावा सोहळा झाला. परभाषेतल्या चित्रपटांना अकादमी त्याआधीही गौरवत असे, पण स्पर्धा ठेवून, नामांकनं जाहीर करून दिलेला हा पहिला पुरस्कार. तो 'ला स्त्रादा'ला मिळाला. आज कुठल्याही फिल्म सोसायटीत 'ला स्त्रादा' म्हटलं की फेलिनी, असंच उत्तर येतं. अकादमीच्या त्या वर्षीच्या नोंदीत मात्र या पुरस्कारासमोर फेलिनीचं नाव नाही. त्या वर्षी नामांकन निर्मात्यांच्या नावाने होतं आणि तिथे दोन नावं आहेत: दिनो दे लाउरेंतीस आणि कार्लो पाँती. हे पुस्तक त्यातल्या पहिल्या माणसाबद्दल आहे.

हे लिहायला घेतलं तेव्हा निर्मात्यावर पुस्तक कशाला, असं अनेकांनी विचारलं. दिग्दर्शकावर लिहा, नटावर लिहा, संगीतकारावर लिहा. पैसे घालणाऱ्या माणसावर काय लिहिणार? या प्रश्नात आपली सगळ्यांची सवय आहे. दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र'साठी पैशांची धावपळ केली, सरस्वतीबाईंचे दागिने मोडीत निघाले, हे आपल्याला ठाऊक असतं, कारण फाळके निर्मातेही होते आणि दिग्दर्शकही. पण 'प्रभात' म्हटल्यावर शांताराम, दामले, फत्तेलाल ही नावं जेवढ्या सहज ओठांवर येतात, तेवढं भांडवल उभं करणाऱ्या सीतारामपंत कुलकर्ण्यांचं येत नाही. सिनेमा हा कागदावर एकट्याने लिहायचा प्रकार नाही. कोणीतरी आधी ठरवावं लागतं की ही गोष्ट पडद्यावर आली पाहिजे, आणि मग त्यापायी स्वतःची झोप उडवून घ्यावी लागते. हा ठरवण्याचा क्षण इतिहासात नोंदलाच जात नाही, ही माझी तक्रार आहे.

दिनोच्या बाबतीत ही नोंद घेणं आणखी गरजेचं वाटतं, कारण त्याची कारकीर्द समीक्षकांना सरळ मांडताच येत नाही. 'ला स्त्रादा' आणि 'नोत्ती दि काबिरिया' त्याचे. 'बार्बरेला', 'फ्लॅश गॉर्डन' आणि 'कॉनन द बार्बेरियन'ही त्याचेच. इंगमार बर्गमनचा 'फेस टू फेस' त्याने सादर केला आणि त्याच वर्षी, 1976 मध्ये, 'किंग काँग'ही आणला. बहुतेक लेखक यातून एक सोयीचा मार्ग काढतात: बाजारू चित्रपटांतून त्याने पैसे कमावले आणि ते पैसे कलेवर लावले. ऐकायला हे छान वाटतं, पण हिशेब मांडला की टिकत नाही. त्याचे कित्येक महागडे बाजारू चित्रपट सपशेल आपटले आणि 'कलात्मक' म्हणवणारे काही चांगले चालले. मला दिसतो तो असा: दिनोकडे दोन कप्पे नव्हतेच. भव्यतेची आणि गोष्टीची एकच भूक त्याला होती, आणि ती त्याला कधी फेलिनीकडे, कधी चाळीस फुटी यांत्रिक माकडाकडे घेऊन जात होती.

आगोस्तीनो दे लाउरेंतीस 8 ऑगस्ट 1919 रोजी तोर्रे अनुन्झियाता या गावी जन्मला. नेपल्सच्या उपसागरावरचं, व्हेसुव्हियसच्या पायथ्याशी वसलेलं हे गाव पास्त्यासाठी प्रसिद्ध होतं. वडिलांचाही पास्त्याचा कारखाना होता आणि शाळकरी वयातच दिनो त्यांच्या मालाची विक्री करत गावोगाव हिंडला. मालाचा नमुना दाखवायचा, मागणी नोंदवून घ्यायची आणि त्या मागणीच्या जोरावर कारखान्यात माल काढायचा, हे तंत्र त्याने तिथे पाहिलं. पुढे सगळ्या जगाच्या चित्रपट व्यवसायात त्याने नेमकं हेच केलं, ते कसं ते पुढे येईलच. सतराव्या वर्षी तो रोमला गेला. 1935 मध्ये स्थापन झालेल्या 'चेंत्रो स्पेरिमेंताले' या चित्रपटशाळेत त्याने अभिनयासाठी नाव घातलं. बुटका, बारीक चणीचा, बोलण्यात नेपल्सचा हेल. आपण नट होणार नाही हे त्याच्या लवकरच लक्षात आलं. विशी ओलांडताना तो निर्मितीत उतरला होता. मग युद्ध आलं.

युद्ध संपलं तेव्हा चिनेचित्ता या रोमच्या प्रख्यात स्टुडिओत निर्वासितांची छावणी होती. रोसेलिनी, दे सिका ही मंडळी रस्त्यावर कॅमेरा घेऊन उतरली त्यामागे विचार होता, तसाच स्टुडिओ हाताशी नसल्याचाही भाग होता. त्या चित्रपटांची ओळख भारताला 1952 च्या जानेवारीत मुंबईत भरलेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात झाली, आणि 'बायसिकल थीव्ज'ने आपल्याकडच्या एका अख्ख्या पिढीची झोप उडवली. त्या नववास्तववादी लाटेत दिनोने घातलेली भर मात्र वेगळ्याच वाणाची होती. ती आहे 1949 चा 'रिझो आमारो', म्हणजे 'कडू तांदूळ'.

या चित्रपटापाशी मला थांबायचं आहे. पिडमाँट प्रांतातल्या वेर्चेल्लीच्या आसपास मैलोन् मैल भातखाचरं आहेत. दर वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला इटलीच्या निरनिराळ्या भागांतून हजारो बायका आगगाडीने तिथे यायच्या. लावणी करायची, तण काढायचं. त्यांना 'मोंदीने' म्हणत. पोटऱ्या बुडतील एवढ्या पाण्यात, कमरेत वाकून, ओळीने मागे मागे सरकत, डासांच्या झुंडींत दिवसभर काम. बोलायला बंदी असली तर गाण्यातून एकमेकींशी बोलायचं. मजुरीचा काही भाग पैशात, काही भाग तांदळात. कोकणातल्या किंवा मावळातल्या कुणाही बाईला यातलं वाकणं समजावून सांगावं लागणार नाही. दिग्दर्शक जुझेप्पे दे सांतिस कडवा कम्युनिस्ट होता आणि त्याला या बायकांच्या शोषणाची गोष्ट सांगायची होती. दिनो तेव्हा रिकार्दो गुआलिनोच्या 'लुक्स फिल्म'साठी निर्मिती करत होता. त्याला ती गोष्ट हवीच होती. शिवाय त्याला लोक रांगा लावून बघायला येतील असा चित्रपट हवा होता. दोघांच्या या ओढाताणीतून जे निघालं ते दोघांनाही एकट्याने जमलं नसतं.

चित्रपट सुरू होतो तो रेडिओ तोरिनोच्या निवेदकापासून. तो कॅमेऱ्याकडे बघत भाताच्या हंगामाची माहिती देतो, जणू माहितीपटच चालू आहे. आणि मग फलाटावर ग्रामोफोनच्या तालावर बूगी-वूगी नाचणारी एक मुलगी दिसते. ती सिल्वाना मांगानो. 1946 ची 'मिस रोम'. वडील सिसिलीचे, आई इंग्रज. चित्रीकरणाच्या वेळी ती जेमतेम अठराची होती. पुढे चोरी आहे, विटोरियो गासमनने केलेला खलनायक आहे, कोठारातला तांदूळ पळवण्याचा डाव आहे, आणि तो साधावा म्हणून सिल्वाना पाण्याची दारं उघडून शेतं बुडवते. शेवटी ती जीव देते. हंगाम संपवून घरी निघालेल्या बायका तिच्या देहापाशी येतात आणि एकेक जण आपल्या मजुरीच्या तांदळातली मूठ तिच्यावर सोडून पुढे जाते. चाळीस दिवस पाण्यात उभं राहून मिळवलेल्या धान्यातली ती मूठ आहे, हे प्रेक्षकाला तोपर्यंत पक्कं कळलेलं असतं. उत्कट नाट्य आणि मजुरीचा रोकडा हिशेब एकाच चौकटीत असे क्वचितच येतात.

डाव्या समीक्षकांना त्यात मांगानोच्या उघड्या मांड्या खटकल्या, चर्चलाही त्याच खटकल्या. चित्रपट युरोपभर आणि अमेरिकेत चालला, कथेसाठी त्याला ऑस्करचं नामांकन मिळालं. चित्रपट आला त्याच वर्षी दिनो आणि सिल्वाना यांनी लग्न केलं.

पुढच्या वर्षी 'पाँती-दे लाउरेंतीस' ही कंपनी निघाली. कार्लो पाँती मिलानकडचा, वकिलीचं शिक्षण घेतलेला, शांतपणे आकडे जुळवणारा. दिनो दक्षिणेकडचा, अधीर, फोनवर ओरडणारा. सात वर्षं ही जोडी टिकली आणि त्या काळात त्यांनी जे काढलं त्याची नुसती यादी वाचताना दम लागतो. रोसेलिनीचा 'युरोपा 51', दे सिकाचा 'लोरो दि नापोली', कर्क डग्लसला घेऊन केलेला 'युलिसेस'. अमेरिकन नट तेव्हा रोमला का येत होते, याचं कारण सोपं होतं: अमेरिकन कंपन्यांनी इटलीत कमावलेले पैसे इटलीच्या नियमांमुळे देशाबाहेर नेता येत नव्हते. मग ते तिथेच खर्च करायचे. दिनोने हे फार लवकर ओळखलं.

'ला स्त्रादा'च्या जन्माची हकिकत त्याचा स्वभाव समजायला पुरेशी आहे. फेलिनी ही पटकथा घेऊन हिंडत होता. दिनोला ती आवडली, पण जेल्सोमिनाची भूमिका सिल्वानाने करावी आणि झाम्पानोची बर्ट लँकेस्टरने, असं त्याचं म्हणणं. फेलिनी आपल्या बायकोवर, ज्युलिएत्ता मासिनावर, अडून बसला. दिनो शेवटी मागे हटला. झाम्पानो झाला अँथनी क्विन, आणि क्विन त्याच सुमारास याच कंपनीच्या 'अत्तिला' या चित्रपटात हूणांचा राजा म्हणून तलवार परजत होता. दोन्ही चित्रपटांचं चित्रीकरण एकाच काळात चालू होतं. एक चित्रपट जगातल्या प्रत्येक चित्रपटशाळेत शिकवला जातो, दुसरा आता फारसं कुणी बघत नाही. निर्माते तेच, नट तोच, महिनेही तेच. 'ला स्त्रादा' हे दिनोचं खरं रूप आणि 'अत्तिला' ही तडजोड, असं म्हणणाऱ्यांना मी एवढंच विचारेन, की क्विन रोममध्ये आला कशासाठी होता?

'नोत्ती दि काबिरिया'च्या वेळी पाँती बाजूला झाला होता. रोमच्या एका वेश्येची ही गोष्ट हातात घ्यायला इतर निर्माते तयार नव्हते, दिनो झाला. पण पुरा झालेल्या चित्रपटातला एक प्रसंग त्याला लांबण लावणारा वाटला. पहाटेच्या अंधारात एक माणूस पोतं घेऊन गावाबाहेरच्या गुहांत राहणाऱ्या निराधारांना खाणं आणि कपडे वाटत फिरतो आणि काबिरिया त्याच्याबरोबर जाते, असा सातेक मिनिटांचा तो भाग. फेलिनी कापायला तयार होईना. दिनोने एके दिवशी ते रीळच पळवलं. हे त्याने पुढे कित्येक वर्षांनी स्वतः सांगितलं. चित्रपट त्या प्रसंगाविनाच जगभर गेला, त्यालाही ऑस्कर मिळालं, आणि तो भाग पुन्हा जोडलेली प्रत पडद्यावर यायला 1998 साल उजाडलं. तोवर फेलिनीला जाऊन पाच वर्षं झाली होती.

मी दोन्ही प्रती पाहिल्या आहेत आणि माझ्या मते दिनोचं चुकलं. तो प्रसंग गेल्यावर काबिरियाच्या भोळेपणाला असलेली एक खोल बाजू जाते. चांगुलपणा असा बिनबोभाट, बिनअपेक्षेचा असू शकतो हे तिने कुठे पाहिलं, याचं उत्तर त्या गुहांमध्ये आहे. पण ज्याने ते रीळ पळवलं त्याच्याखेरीज तो चित्रपट तेव्हा कुणीही काढला नसता, हेही तेवढंच खरं आहे. या माणसाबद्दल लिहिताना या दोन वाक्यांतलं एक गाळून चालत नाही.

1956 च्या 'वॉर अँड पीस'ने त्याला भव्यतेची चटक लावली. किंग विडॉर दिग्दर्शक, नाताशा म्हणून ऑड्रे हेपबर्न, तीन तासांहून अधिक लांबी. हा चित्रपट सोव्हिएत संघातही लागला, लोकांनी गर्दी केली, आणि टॉल्स्टॉय आमचा असताना त्यावर परक्यांनी चित्रपट करावा या सलातून पुढे सेर्गेई बोंदार्चुकचा अवाढव्य रशियन 'वॉर अँड पीस' उभा राहिला. त्यावर दिनोने काय केलं? त्याने बोंदार्चुकलाच आपल्याकडे घेतलं आणि मॉसफिल्मच्या भागीदारीत 1970 चा 'वॉटर्लू' काढला. युक्रेनमध्ये उझहोरोदजवळ रणांगण रचलं गेलं. बुलडोझर लावून टेकड्या सपाट केल्या, हवा तसा चिखल व्हावा म्हणून जमिनीखालून पाण्याच्या नळ्या टाकल्या, आणि सोव्हिएत सैन्यातले सुमारे 15 हजार पायदळी आणि 2 हजार घोडेस्वार नेपोलियनच्या काळातले गणवेश घालून उभे राहिले. वरून टिपलेले ब्रिटिश तुकड्यांचे चौकोन आणि त्यांच्यामधून उधळलेली फ्रेंच घोडदळाची लाट बघताना आजही श्वास अडकतो. संगणकाने माणसं वाढवायच्या आधीच्या काळातलं हे दृश्य आहे. चित्रपट पडला. तो इतका पडला की स्टॅन्ली क्युब्रिकच्या मनात असलेल्या 'नेपोलियन'वर पैसे लावायला कुणी धजेना.

या दोन युद्धपटांच्या मधल्या काळात दिनो इटलीतला सर्वांत सामर्थ्यवान निर्माता होता. 1959 मध्ये मारियो मोनिचेल्लीच्या 'ला ग्रांदे गेर्रा'ला व्हेनिसचा सुवर्णसिंह विभागून मिळाला. पहिल्या महायुद्धातल्या दोन भेदरट शिपायांची ही हसवत हसवत पोटात गोळा आणणारी गोष्ट आहे आणि माझ्या लेखी तो त्याच्या इटालियन कारकिर्दीतला सर्वांत परिपूर्ण चित्रपट. 'बाराब्बास'साठी क्रूसावरचं दृश्य 15 फेब्रुवारी 1961 च्या खऱ्याखुऱ्या खग्रास सूर्यग्रहणात टिपलं गेलं. दिवस आणि वेळ निसर्गाने ठरवलेली, दुसरा टेक नाही, काही मिनिटांचा अंधार. असा बेत मंजूर करायला निर्माताही तसलाच लागतो.

मग रोमच्या दक्षिणेला पोंतिना मार्गावर त्याने स्वतःचं चित्रनगर बांधलं आणि त्याला स्वतःचंच नाव दिलं: दिनोचित्ता. जागाही विचार करून निवडलेली. दक्षिण इटलीच्या विकासासाठी सरकार ज्या सवलती देत असे त्यांच्या हद्दीत ती येत होती. तिथे जॉन ह्यूस्टनचा 'द बायबल' झाला, नोहाची नौका उभी राहिली, जोड्या-जोड्यांनी प्राणी आत चालत गेले आणि नोहाच्या वेशात खुद्द ह्यूस्टन त्यांच्यापुढे होता.

याच दिनोचित्तात एक विमान आणि एक कॅथिड्रल बरेच दिवस धूळ खात पडले. 'जी. मास्तोर्नाचा प्रवास' या फेलिनीच्या चित्रपटाचे ते देखावे. मेल्यानंतर आपण मेलो आहोत हे न कळलेल्या एका चेलोवादकाची ती गोष्ट होती. सगळं सज्ज झाल्यावर 1966 च्या सप्टेंबरात फेलिनीने कळवलं, मला हा चित्रपट करता येणार नाही. दिनो कोर्टात गेला. फेलिनीच्या घरावर जप्ती आली. पुढल्या वर्षी फेलिनी आजारात मरणाच्या दारातून परत आला. दोघांचा समेट झाला, दिनोचं देणं पुढे अल्बेर्तो ग्रिमाल्दी या दुसऱ्या निर्मात्याने भागवलं, आणि मास्तोर्ना कधीच पडद्यावर आला नाही. इटालियन सिनेमावर लिहिणाऱ्यांनी या प्रकरणात दिनोला खलनायक ठरवलं आहे. मला तसं करवत नाही. उभे केलेले देखावे, बांधलेले नट, पगारावर असलेले सुतार आणि रंगारी, हे सगळं एका पत्राने हवेत विरत नाही. ते बिल कोणाच्या तरी टेबलावर येतंच. तरी जप्तीचा तो मार्ग क्रूर होता आणि ज्या माणसामुळे आपल्याला दोन ऑस्कर मिळाली त्याच्याशी असं वागू नये, एवढं शहाणपण दिनोला तेव्हा सुचायला हवं होतं.

1965 च्या चित्रपट कायद्याने सरकारी मदतीसाठी इटालियनपणाच्या अटी आवळल्या. अमेरिकन नट आणि बहुराष्ट्रीय पैसा ही दिनोची ताकद होती, ती आता त्याच्याच वाटेत येऊ लागली. त्यात दिनोचित्ताचं कर्ज. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला चित्रनगर हातचं गेलं आणि पन्नाशी उलटलेला, मोडकंतोडकं इंग्रजी बोलणारा हा माणूस अमेरिकेत जाऊन नव्याने उभा राहिला. 'सर्पिको', 'डेथ विश', 'थ्री डेज ऑफ द काँडर' हे चित्रपट त्याने तीन वर्षांत आणले. न्यूयॉर्कच्या भ्रष्ट पोलीस खात्याशी एकट्याने लढणाऱ्या इटालियन वंशाच्या शिपायाची गोष्ट परदेशातून आलेल्या माणसाला भावली यात नवल नाही. 'सर्पिको' आजही ताजा वाटतो.

इथे त्याच्या धंद्याची रीत सांगायला हवी, कारण सिनेमाच्या इतिहासावर त्याचा ठसा खरा इथे आहे. हॉलीवूडमध्ये चित्रपटाला स्टुडिओ पैसे पुरवायचा आणि मालकीही स्टुडिओची असायची. दिनोने उलटं केलं. चित्रपटाचा एक फूटही चित्रित झालेला नसताना, नट, दिग्दर्शक आणि एक झकास पोस्टर एवढ्या भांडवलावर तो फ्रान्स, जर्मनी, जपान असे एकेका देशाचे हक्क तिथल्या वितरकांना विकायचा. वितरक रक्कम कबूल करणारा करार द्यायचे. ते करार बँकेत तारण ठेवायचे, बँक कर्ज देणार, त्या कर्जातून चित्रपट. अमेरिकेतले हक्क शक्यतो हातात राखून ठेवायचे. आपल्याकडे हिंदी चित्रपट मुंबई, दिल्ली-यूपी, निजाम अशा टेरिटरींनुसार आणि मिनिमम गॅरंटीवर विकला जातो, हे ज्यांना माहीत आहे त्यांना यात अनोळखी काही वाटणार नाही. पण जग ही बाजारपेठ धरून हे करणारा दिनो पहिल्या काही जणांतला, आणि आजचे बहुतेक स्वतंत्र इंग्रजी चित्रपट याच वाटेने उभे राहतात. या पद्धतीचा धोकाही तिच्या पोटातच होता: पोस्टर विकण्याची सवय लागली की पटकथेकडे बघायला वेळ उरत नाही. दिनोचं पुढे जे झालं त्यात या सवयीचा मोठा वाटा आहे.

'किंग काँग' हे त्या पोस्टरचं टोक. सुमारे 2 कोटी 40 लाख डॉलरचा खर्च. कार्लो राम्बाल्दीकडून चाळीस फूट उंचीचं यांत्रिक काँग बनवून घेतलं, त्यावरच सुमारे 17 लाख डॉलर गेले, आणि जाहिरात अशी की पडद्यावर दिसेल ते हेच. प्रत्यक्षात ते यंत्र काही सेकंदांपुरतंच दिसतं. बाकी सगळा काँग म्हणजे माकडाचा पोशाख चढवलेला रिक बेकर हा तरुण रंगभूषाकार. लोकांनी तरी चित्रपट पाहिला, जेसिका लँग नावाची नवी मुलगी त्यातून पुढे आली, आणि वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या पायथ्याशी पडलेला काँग बघायला चित्रीकरणाच्या रात्री हजारो न्यूयॉर्कवासी जमले. जाहिरातीतला तो खोटेपणा मला आवडत नाही. पण काँगच्या डोळ्यांतली व्याकुळता खरी आहे, आणि ती बेकरची कमाई आहे.

नंतरची दहा वर्षं या पुस्तकात सविस्तर आली आहेत. इथे मी फक्त डेव्हिड लिंचबद्दल लिहितो. 1984 च्या 'ड्यून'वर सुमारे 4 कोटी डॉलर ओतले गेले. मेक्सिकोत चुरुबुस्को स्टुडिओत महिनोन् महिने काम चाललं, दिनोची मुलगी राफाएल्ला निर्माती होती. अंतिम संकलनाचा हक्क लिंचकडे नव्हता, आणि कापून आलेला चित्रपट ना लिंचला पटला ना प्रेक्षकांना. एवढ्या आपटीनंतर कुठलाही निर्माता त्या दिग्दर्शकाचा फोन उचलणार नाही. दिनोने लिंचपुढे सौदा ठेवला: खर्च कमी कर, तुझं मानधन कमी कर, आणि अंतिम संकलन तुझं, मी बोट लावणार नाही. त्या सौद्यातून 'ब्लू व्हेल्वेट' आला. कोणताही मोठा स्टुडिओ हात लावणार नाही असा तो चित्रपट, आणि लिंचला त्यासाठी दिग्दर्शनाचं नामांकन मिळालं. तीस वर्षांपूर्वी फेलिनीचं रीळ पळवणाऱ्या माणसाने दिलेला हा शब्द आहे, आणि त्याने तो पाळला.

'ब्लू व्हेल्वेट'चं चित्रीकरण नॉर्थ कॅरोलायनातल्या विल्मिंग्टनला झालं. तिथे 'फायरस्टार्टर'च्या निमित्ताने गेलेल्या दिनोला गाव आवडलं आणि त्याने स्टुडिओच बांधून टाकला. त्याच्या नव्या कंपनीने 1986 या एका वर्षात 'ब्लू व्हेल्वेट' आणला, मायकेल मानचा 'मॅनहंटर' आणला आणि 'किंग काँग लिव्ह्ज'ही आणला. 1988 मध्ये कंपनीने दिवाळं काढलं. विल्मिंग्टनचा स्टुडिओ मात्र दुसऱ्यांच्या हाती राहून चालत राहिला. तिथल्या सुतार, वीजतंत्री, वेशभूषाकारांच्या पिढ्या त्यावर जगल्या.

सिल्वानाबद्दल लिहिल्याशिवाय हा परिचय पुरा होणार नाही. 'रिझो आमारो'ने दिलेली प्रसिद्धी तिला कधीच मानवली नाही. दिनोने तिच्यासाठी 'ले स्त्रेगे'सारखा खास चित्रपट काढला, त्यात विस्कोंती, पासोलिनी, दे सिका असे दिग्दर्शक गोळा केले. पण तिची सर्वांत मोठी कामं, पासोलिनीचा 'तेओरेमा' आणि विस्कोंतीचा 'डेथ इन व्हेनिस', नवऱ्याच्या निर्मितीबाहेरची आहेत. 1981 मध्ये त्यांचा मुलगा फेदेरिको अलास्कात विमान अपघातात गेला. 'ड्यून' त्याच्या स्मृतीला अर्पण केलेला आहे, आणि त्याच चित्रपटात एका वृद्ध धर्ममातेच्या छोट्या भूमिकेत सिल्वाना आहे. फेदेरिकोच्या मृत्यूनंतर दोघं वेगळी झाली. 1989 च्या डिसेंबरात माद्रिदमध्ये तिचं निधन झालं. 'ड्यून' कितीही वेळा बघितला तरी त्या छोट्या दृश्यात माझं लक्ष गोष्टीवरून उडून तिच्या चेहऱ्यावर जातं.

दिनो पुन्हा उभा राहिला, तिसऱ्यांदा. 'मॅनहंटर' पडल्यामुळे 'द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्स'कडे त्याने पाठ फिरवली होती आणि 'मॅनहंटर'मुळे त्याच्याकडे असलेलं हॅनिबल लेक्टर हे नाव वापरायची परवानगी एक पैही न घेता देऊन टाकली होती. त्या चित्रपटाने जे केलं ते जगाला माहीत आहे. पुढे 'हॅनिबल'च्या कादंबरीसाठी त्यालाच सुमारे 1 कोटी डॉलर मोजावे लागले, आणि त्याने ते कुरकुर न करता मोजले. 2001 मध्ये अकादमीने त्याला निर्मात्यांसाठीचा सर्वोच्च आयर्व्हिंग थालबर्ग सन्मान दिला, 2003 मध्ये व्हेनिसने जीवनगौरवाचा सुवर्णसिंह. 2007 चा 'द लास्ट लीजन' त्याच्या शेवटच्या निर्मितींपैकी एक. त्यात तलवार चालवणारी ऐश्वर्या राय आपल्या वाचकांना आठवेल. दिनो तेव्हा सत्त्याऐंशी वर्षांचा होता. नोव्हेंबर 2010 मध्ये बेव्हर्ली हिल्सला तो गेला आणि त्याचं दफन तोर्रे अनुन्झियाताला झालं.

पुस्तकाच्या मांडणीबद्दल थोडं सांगायला हवं. चित्रपटांची चांगले आणि वाईट अशी वर्गवारी मी केलेली नाही. प्रत्येक प्रकरण एका करारापासून सुरू होतं: पैसे कोणाचे, अटी कोणत्या, कोण कशावर अडून बसलं. त्यातून चित्रपट कसा घडला हे वाचकाने बघावं. इटालियन नावं उच्चारानुसार लिहिली आहेत, इंग्रजी चित्रपटांची नावं आपल्याकडे रुळली आहेत तशीच ठेवली आहेत. ज्यांना आकडेमोडीचा कंटाळा आहे त्यांनी पूर्वविक्रीचं प्रकरण सोडून पुढे जायला हरकत नाही. पण ज्यांना स्वतः चित्रपट काढायचा आहे, आणि मराठीत अशी तरुण मंडळी आज पुष्कळ आहेत, त्यांनी सुरुवात त्याच प्रकरणापासून करावी आणि लगोलग दिवाळखोरीचं प्रकरणही वाचावं.